शाळेसारखे गुण

१

कार्डावरचा एक हा आकडा इतका दाबून लिहिला होता की कार्ड उलटं केलं तरी बोटाला त्याची उभी रेघ लागत होती. आकड्याच्या डोक्याशी, उजव्या बाजूला, तीन बारीक रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. त्या घाईत मारलेल्या नव्हत्या. तिन्ही नेमक्या एकाच बिंदूतून जात होत्या. खाली त्याच निळ्या शाईत, सुट्या मोठ्या अक्षरांत दोन वाक्यं होती.

‘बांधावर जाऊ नकोस. बाळिंटसुद्धा गेला होता.’

रेकाने ते कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं तेव्हा तिच्या बशीत कॉफी सांडलेली होती. हॉटेलच्या खिडकीबाहेर धुकं होतं. डॅन्यूब दिसत नव्हती, पलीकडचा काठ तर नाहीच.

“तेक्ला नेनी, हे काय आहे?” ती म्हणाली. नेनी म्हणजे मावशी; एरवी चारचौघांत ती मला डॉक्टरबाई म्हणते.

पूरबांधांवरच्या आमच्या वार्षिक परिषदेत श्रोत्यांचे अभिप्राय गोळा करण्याचं काम माझ्याकडे असतं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको असतं. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत रसायनं मोजते. लोकांची मतं मोजणं त्याहून फार वेगळं नाही. भाषण संपलं की दाराशी पेटी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याची कार्डं त्याला पाकिटात घालून द्यायची. वाचायची नाहीत, चाळायची नाहीत, हा माझाच नियम. त्यामुळे हे पाकीटही मी न उघडताच तिच्या हाती दिलं होतं.

रेका कालच्या वक्त्यांत सगळ्यांत तरुण. सेगेदहून आलेली. तिने भर सभेत सांगितलं होतं की आमच्या गावाच्या वरच्या अंगाला बांधलेल्या नव्या बांधाखालून पाणी झिरपतंय, कारण बांधाच्या पायातली वाळू काढलीच गेलेली नाही. हे मूळ काम आमच्यातल्याच बाळिंट या इंजिनियरचं. बाळिंट मार्चमध्ये गेला. बंदराजवळच्या पंपघराच्या पायऱ्यांवरून बर्फात पाय घसरला आणि कालव्यात पडला, असं पोलिसांनी लिहिलं आणि आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. त्याच्या वह्या रेकाने पुढे नेल्या.

आज जेवणानंतर बस सगळ्यांना बांधावर नेणार होती. वरच्या गेटपाशी, जिथून बांधातलं पाणी कालव्यात सोडतात तिथे, झिरपणारी जागा रेका स्वतः दाखवणार होती.

“तू जाऊ नकोस,” मी म्हटलं.

“नाही गेले तर काम पुरं झालं म्हणून सरकार बांध तसाच ताब्यात घेईल. बाळिंटचं सगळं काम पाण्यात जाईल.” तिने बशीतली कॉफी रुमालाने टिपली. “पण मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय. हे लिहिणारा माणूस इथेच बसून पाव खात असेल.”

मी वळून पाहिलं. नाश्त्याच्या दालनात साठेक माणसं पाव खात होती.

२

“हात चुंबितो, डॉक्टरबाई. काय झालं? चेहरे असे का?”

मार्त्सेल. बांध बांधणाऱ्या कंपनीचा मुख्य इंजिनियर. बुडापेश्तचा माणूस, मऊ आवाजाचा, बायकांना अजून जुन्या रीतीने ‘हात चुंबितो’ म्हणून नमस्कार करणारा. ज्या कंपनीच्या कामावर रेकाने बोट ठेवलं त्याच कंपनीचा असूनही काल भाषण संपल्यावर सगळ्यांत आधी त्यानेच उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तेव्हापासून तो तिच्या शेजारीच होता. प्रत्येक जेवणाला, प्रत्येक चहाला.

त्याने कार्ड वाचलं. रंग उतरला. तो खाली बसला.

“हा नीचपणा आहे,” तो म्हणाला. “वर एक गुण! कुणी केलं असेल ते सांगायला नको. काल कोण ओरडत होतं ते सगळ्यांनी ऐकलंय.”

“गाश्पार?” रेकाने विचारलं.

“मी नाव घेत नाही. पण हे बघ पोरी, तू घाबरायचं नाहीस. मी बांधावर क्षणभरही तुझ्याजवळून हलणार नाही. वरच्या गेटपाशी साधा कठडासुद्धा नाही. बाळिंटचं झालं तेवढं पुरे.” त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“पोलिसांना कळवू,” मी म्हटलं.

“जरूर. पण काय कळवणार? परिषदेत एकाला भाषण आवडलं नाही म्हणून? हसतील हो.”

तो बोलला ते खरंच होतं. मी ठाण्यावर फोन केला. पलीकडचा माणूस सभ्यपणे हसला आणि सोमवारी या म्हणाला.

३

गाश्पार हा बांध कचेरीचा प्रमुख. काल रेका बोलत असताना तीनदा उठून उभा राहिला होता. मला तो धूम्रपानाच्या गच्चीवर सापडला. धुक्यात त्याच्या सिगरेटचं जळतं टोक तेवढं दिसत होतं.

“रेकाला किती गुण दिलेस?” मी सरळ विचारलं.

“दोन.”

“एक नाही?”

“एक म्हणजे नापास. नापास करायला तिने काय कोरा कागद दिला होता? दोन दिले, आणि खाली माझं नाव लिहिलंय. बघा पाकिटात. मला चोरून शिव्या देता येत नाहीत, डॉक्टरबाई. घसाच तसला नाही.”

“तुला राग कशाचा आला एवढा?”

त्याने राख झटकली. मग म्हणाला, “बाळिंट माझा मित्र होता. त्याला जर बांधात खोट दिसली, तर तो आधी माझ्याकडे का नाही आला? ही कालची पोर मला सभेत सांगते! आणि मी मूर्खासारखा बसून ऐकतो!” त्याने सिगरेट विझवली. “त्या पंपघराच्या पायऱ्यांवर मी दर हिवाळ्यात वाळू टाकायला लावतो. दोन्ही बाजूंना कठडे आहेत. तरी घसरला. माझ्या पायऱ्यांवरून.”

मी त्याला कार्ड दाखवलं. त्याने ते डोळ्यांजवळ नेलं.

“बांधावर?” तो म्हणाला. “पंपघर काही बांधावर नाही. ते बंदरात आहे.”

हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. ज्याने कुणी ते कार्ड लिहिलं, त्याला बाळिंट शेवटी कुठे गेला ते आमच्यापेक्षा वेगळं ठाऊक होतं. 

“तुमच्या कचेरीतून वरच्या गेटवर कोण कोण जातं?”

“मी. योलान, ती तर तिथल्याच चौकीत राहते, नवऱ्याबरोबर. आणि कंपनीकडून मार्त्सेल. बाकी कुणाकडे किल्ली नाही.” तो माझ्याकडे बघत राहिला. “का?”

४

रेकाचं पाकीट मागून घेऊन मी वाचनालयाच्या खोलीत बसले. न चाळण्याचा नियम मोडायला तिनेच परवानगी दिली. कार्डं गुणांप्रमाणे लावली. भीती वाटली की मी वस्तू ओळीने लावते, त्याने हात तरी स्थिर राहतात.

रेकाची सरासरी मध्यम आली होती. पण मध्यम गुण देणारे जवळपास कुणीच नव्हते. एक मोठा ढीग पाचांचा, दुसरा तेवढाच एकांचा आणि मध्ये गाश्पारचं सहीनिशी दोनचं कार्ड. पाण्याचा नमुना असा आला असता तर मी म्हटलं असतं, बाटलीत दोन वेगळ्या विहिरींचं पाणी मिसळलंय.

मग मी एकांच्या ढिगातली वाक्यं वाचली.

‘एक. इतकं निर्भीड बोलणं बऱ्याच वर्षांनी ऐकलं.’

‘एक. ही मुलगी आमच्या खात्यात हवी!’

आणि पाचांच्या ढिगात, सगळ्यांत खाली: ‘पाच. आकडे फार, झोप आली.’

कार्डाच्या तळाशी छापलेलं होतं: ‘गुण एक ते पाच, शाळेसारखेच.’ दरवर्षी त्यापुढे ‘पाच सर्वोत्तम’ असं असतं. यंदा प्रायोजकाच्या चिन्हाला जागा हवी म्हणून ते गाळलं होतं.

आमचं गाव नदीच्या दोन्ही काठांवर आहे. नाव एक, भाषा एक, आज्यापणज्या एक. पण पूल ओलांडला की देश बदलतो, आणि परिषदेला दोन्हीकडची माणसं येतात. आमच्या काठाला, हंगेरीत, शाळेत पाच सर्वांत चांगले आणि एक म्हणजे नापास. पलीकडे, स्लोव्हाकियात, एक सर्वांत चांगला आणि पाच म्हणजे नापास. हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. एवढं ठाऊक, की कुणाच्या मनातही येत नाही.

मी ते कार्ड पुन्हा हातात घेतलं. एकाच्या डोक्याशी तीन रेघा. सकाळपासून मी त्यांना फुली समजत होते, नेमबाजाचं चिन्ह समजत होते. माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई फार खूश झाल्या की पाचावर चांदणी काढायच्या. चांदणीवाले पाच. पलीकडच्या शाळेत मग काय काढत असतील?

नापासावर चांदणी कुणी काढत नाही.

म्हणजे ही धमकी नव्हतीच. पलीकडे शिकलेल्या कुणीतरी रेकाला जमेल तेवढं मोठं कौतुक दिलं होतं, आणि मग दोन वाक्यांत जीव मुठीत धरून सांगितलं होतं: जाऊ नकोस. शत्रू ते कार्ड लिहिणारा नव्हता. शत्रू तिच्यासोबत बांधावर जाणाऱ्यांपैकी कुणीतरी होता.

दारावर टकटक झाली. उत्तराची वाट न बघता मार्त्सेल आत आला.

“सापडला का आपला राक्षस?”

त्याने पाठीमागे दार लोटलं. टेबलावर वाकून ते एक कार्ड बरोबर उचललं.

“एक,” तो म्हणाला. “बिचारी. केवढा द्वेष असतो ना लोकांच्या मनात! हे मी ठेवू? सोमवारी पोलिसांना देईन.”

“बेरीज व्हायची आहे,” मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मला नवल वाटलं. मी हात पुढे केला. तो हाताकडे बघत राहिला. मग त्याने कार्ड परत दिलं.

“तुम्हीही चला ना बांधावर. धुकं वाढतंय. सगळ्यांनी हात धरून चालावं लागेल.”

तो गेल्यावर मला आठवलं, तो सकाळी काय बोलला होता. वरच्या गेटपाशी कठडा नाही, बाळिंटचं झालं तेवढं पुरे. पण बाळिंट वरच्या गेटपाशी पडलाच नव्हता. तो पंपघरात पडला होता, आणि तिथे दोन्ही बाजूंना कठडे आहेत.

तरी हे एक निसटतं वाक्य होतं. वाक्यावरून कुणाला खुनी म्हणता येत नाही. त्यासाठी बघणारे डोळे लागतात.

५

जेवणात माशाचं लाल सार होतं. माणसं हसत होती, पावाचे तुकडे बुडवत होती. रेकाच्या एका बाजूला मार्त्सेल होता आणि तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होता.

योलान दालनात नव्हती. ती कोट ठेवायच्या खोलीत सापडली, खुंट्यांच्या रांगांमध्ये उभी. गाश्पारच्या कचेरीतली इंजिनियर, चाळिशीची, कमी बोलणारी. लग्न करून इतकी वर्षं आमच्या काठाला राहिलेली, की ती इथलीच नव्हे असं कुणी म्हटलं नसतं. मलाही ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की किल्ल्या तिघांकडे आहेत. त्यांतल्या गाश्पारने सहीनिशी दोन दिले, आणि मार्त्सेलला एक हा आकडा द्वेषाचा वाटला.

“योलान,” मी म्हटलं, “सहज विचारते. शाळेसारखे गुण द्यायचे तर कालच्या रेकाला किती देशील?”

ती मफलर गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, “एक.”

मग तिचे हात थांबले.

“आणि चांदणी?” मी विचारलं.

ती कोटांच्या रांगेत मागे सरकली, जणू त्यांत शिरून नाहीशी होणार होती. “नेनी, हळू बोला. देवाशपथ, हळू बोला.”

“शाळा कुठली तुझी?”

तिने हनुवटीने पुलाच्या दिशेला दाखवलं. तिकडे फक्त भिंत होती.

“काल भाषण संपल्यापासून मी तिच्याशी बोलायला बघत होते,” ती कुजबुजली. “तो तिला सोडतच नाही. मग वाटलं, पेटीत सगळेच हात घालतात. तिथे कुणी विचारत नाही.”

“तिला ती धमकी वाटली, योलान. ती त्याच्याच आधाराने बसलीये.”

योलानने तोंडावर मफलर दाबला. 

“त्या दिवशी मी चौकीच्या खिडकीत भांडी पुसत होते,” शेवटी ती म्हणाली. “बाळिंट आणि हा, दोघं वरच्या गेटवर गेले. बाळिंट हातवारे करत होता, खाली वाळूकडे दाखवत होता. येताना हा एकटा आला. टोपी नीट करत. संध्याकाळी ऐकलं की बाळिंट पंपघरात घसरला. कालव्याचं पाणी गेटपासून पंपघराकडेच जातं, नेनी. जे वर पडतं ते तिथेच लागतं.”

“आणि तू कुणालाच...?”

“दुसऱ्या दिवशी तो घरी आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायला. माझा नवरा त्याच्या कंपनीत, चौकीची खोली कंपनीची. माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, केवढी झाली! शाळेला एकटीच जाते का बांधावरून?” तिने मफलर घट्ट पिळला. “एवढंच म्हणाला. तेव्हापासून रोज मी तिला पोचवायला जाते आणि रोज ठरवते, आज सांगेन.”

“मुलगी आत्ता कुठे आहे?”

“माझ्या आईकडे. पलीकडे. काल दुपारीच पाठवली, कार्ड टाकायच्या आधी.”

बाहेर बसचा भोंगा वाजला.

“मला विचार करू दे,” ती म्हणाली. “संध्याकाळी. नक्की संध्याकाळी.”

“संध्याकाळी रेका असेल का?” मी विचारलं, आणि तिला तिथेच सोडून धावले.

६

बस हॉटेलच्या दाराशी लागली होती. धुक्यात तिचे दिवे पिवळट, पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते. माणसं चढत होती. रेका पायरीवर एक पाय ठेवून उभी होती आणि मार्त्सेल तिला कोट घालायला मदत करत होता.

मी दोघांच्या मधून शिरून बसच्या दारात आडवी उभी राहिले. मी धाडसी बाई नाही. 

“रेका, तू जायचं नाहीस.”

“तेक्ला नेनी, आपलं झालंय ना बोलणं?”

“ते कार्ड धमकीचं नव्हतं. पलीकडच्या शाळेत एक हा पहिला नंबर असतो. चांदणीवाला एक. ज्याने ते लिहिलं त्याला तू जगायला हवी आहेस.”

रेकाला कळायला वेळ लागला. ती सेगेदची, पुलापासून लांबची. पण बसमधल्या पलीकडच्यांपैकी दोघेतिघे एकमेकांकडे बघू लागले. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, “अरे, मग मीपण एकच दिला होता की! मला वाटलं, एक म्हणजे उत्तम हे सगळ्यांनाच ठाऊक असेल.”

“आणि बाळिंट पंपघरात पडला नाही,” मी म्हटलं. “तो वरच्या गेटवर पडला. जिथे कठडा नाही. मार्त्सेल, सकाळी हे तुम्हीच सांगितलंत.”

गाश्पार बसमधून खाली उतरला. तो मार्त्सेलच्या मागे येऊन उभा राहिला.

मार्त्सेल हसला. तेच मऊ हसू. रेकाच्या कोटाची कॉलर त्याने बोटांनी हळुवार नीट केली. तिच्या गळ्यापासून ती बोटं फक्त इंचभर दूर होती.

“डॉक्टरबाई दमल्यात,” तो सगळ्यांना म्हणाला. “दोन दिवस नुसती कार्डं मोजतायत. अहो, शाळेच्या गुणांवरून माणसाला फासावर चढवणार? कुणी बघितलं? सांगा ना. एक तरी माणूस सांगा, ज्याने बघितलं.”

 बसचं इंजिन धडधडत राहिलं. रेकाने मार्त्सेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा पाय अजून पायरीवरच होता. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. ते मला देता येत नव्हतं.

“बघा,” मार्त्सेल म्हणाला. “चल पोरी, उशीर होतोय.”

हॉटेलचं काचेचं दार उघडलं. योलान बाहेर आली. कोट घातला नव्हता, मफलर अर्धा जमिनीवर लोळत होता. पायऱ्या उतरताना तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. ती आमच्याजवळ आली नाही. मध्येच थांबली, जिथून पळता येईल अशा अंतरावर.

“योलान,” मार्त्सेल हळूच म्हणाला. “मुलगी कशी आहे?”

तिने पुलाच्या दिशेला पाहिलं. मग तोंड उघडलं. आवाज आला तो इतका मोठा, की बसमधल्या शेवटच्या बाकावरचे लोकही वळले.

“मी बघितलंय. वरच्या गेटवर बाळिंटबरोबर तुम्ही होतात, आणि परत एकटे आलात. गाश्पार, गाडी काढा. मी आत्ता पोलिसांना हे सांगणार आहे.”